खुंटीवरचे टायर

ज्याला स्वतःच्या गाडीचा टायर बदलता येत नाही, त्याने जगाची फेरी मारायला निघू नये, असं माझं मत आहे. पण सगळ्यांनी ते ऐकलं असतं तर मी उपाशी मेले असते, म्हणून गिऱ्हाइकासमोर मी ते बोलून दाखवत नाही. निदान काम हातावेगळं होईपर्यंत तरी नाही.

आमच्या टर्नर्स बोअर गावापाशी डांबरी रस्ता संपतो. एक पंप, मागे माझी टायरची शेड, शेजारी माझा भाऊ क्लॅरी याचं स्वयंपाकघर, झालं गाव. पुढे तांबडी माती, धारदार दगड आणि मिठाचं तळं. परदेशातून आलेले मोटरसायकलवाले इथवर गुळगुळीत टायरवर येतात आणि इथे बटणाचे, म्हणजे मातीत पकड घेणाऱ्या जाड गाठींचे टायर चढवून पुढे जातात. ते टायर त्यांनी टपालाच्या ट्रकने आधीच धाडलेले असतात. मी त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव घालते आणि खुंटीला टांगते. मालक येतो, स्वतःच्या हाताने टायर काढून देतो, मी बसवते. दुसऱ्याच्या टायरला हात लावायचा नाही, हा माझ्या शेडमधला एकच कायदा. तो पाळायला डोकं लागत नाही.

मोटरसायकलवाल्यांना तेवढाही झेपत नाही. अंगात चंद्रावर निघाल्यासारखे कपडे, डोक्यावर कॅमेरा, गाडीला चहूबाजूंनी पेट्या, आणि क्लॅरीला विचारतात काय, तर बदामाचं दूध मिळेल का!

त्यातला त्यात रेटो बरा होता. स्विस माणूस. त्याचे टायर आणणारा ट्रक पुराच्या पाण्यामागे अडकला होता आणि हा रोज सकाळी शेडच्या दारात येऊन अदबीने विचारायचा, "नोलीन, प्लीज, माझे टायर आले का?" प्लीजशिवाय तो मीठसुद्धा मागायचा नाही. इतक्या गोड माणसाचा मला एरवी संशय येतो, पण हा खरोखर गोड होता आणि तितकाच मूर्खही. एका सकाळी त्याला थांबवेना, आणि तो होत्या त्या टायरवरच निघून गेला. पोलिसांना त्याची गाडी तळ्याच्या काठी सापडली. स्टँडवर उभी, किल्ली लावलेली. तो सापडला नाही. टायर त्यानंतर आले. मी रीतसर नाव घातलं आणि टांगले. मागायला कुणी आलं नाही.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, गाडी रस्त्याला लागली की ते झिजतात. पहिल्याच हिवाळ्यात रेटोच्या टायरवरचे केस नाहीसे झाले. मी क्लॅरीला फैलावर घेतलं, कारण या पंपावर काहीही बिघडलं तरी त्यामागे क्लॅरी असतो.

"तुझ्या त्या मेल्या टायरना मी कशाला हात लावू?" तो म्हणाला.

मग बटणांच्या कडा गोल व्हायला लागल्या. खाचांमध्ये पांढरा चिखल दिसू लागला. तो आमच्या अंगणातला नव्हे, तळ्यावरचा. जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या एका सकाळी, बाहेर नळाचं पाणी गोठलेलं असताना, मी शेड उघडली तर आत तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. मी रेटोच्या टायरवर हात ठेवला. कोमट लागला. लांबचा पल्ला मारून नुकत्याच थांबलेल्या गाडीचा असतो तसा.

मी माझं कामाचं टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं आणि कामाला लागले. जिवंतपणी ज्याने माझं ऐकलं नाही, त्याला मेल्यावर एवढा मान द्यायची माझी तयारी नव्हती.

मग जाइल्स आला. इंग्रज. मागून लहान गाडीवर त्याची बायको, टेसा. दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र होतं आणि त्याचा उपयोग एकच होता. तो हुकूम सोडायचा, ती ऐकायची. हेल्मेट काढल्यावरही त्याचा आवाज काही कमी झाला नाही.

"टेसा, गाडी सावलीत लाव. सावलीत म्हटलं. सावली म्हणजे काय ते कळतं ना?"

टेसाने गाडी सावलीत लावली आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. असं हसणाऱ्या बायका बघितल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिचे टायर आले होते. त्याचे नव्हते. त्याने पत्त्यात पंपाचं नावच चुकीचं घातल्यामुळे ते रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडले होते. हे त्याला समजावून सांगताना मला जरा बरंच वाटलं.

"म्हणजे तुम्ही लोकांनी गोंधळ घातलात," तो म्हणाला.

"पत्ता तुमच्याच हातचा आहे."

"बाई, मी अर्धं जग पालथं घातलंय."

"मग उरलेलं अर्धं थोडं थांबेल. ट्रक परत येईल तेव्हा टायर येतील."

टेसा हळूच म्हणाली, "थांबू या ना, जाइल्स. मला तसंही…"

"तुला तसंही काय? भीती वाटते? तुला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते."

मी मान खाली घालून टेसाचं चाक खोललं. साबणाचं पाणी लावून नवा टायर लोखंडी पट्ट्यांनी रिमवर चढवला, हवा भरली. टायर फट् करून जागेवर बसला तशी ती दचकली.

"काही नाही पोरी, बसला तो," मी म्हटलं. "तुला खरंच जायचंय का पुढे?"

"त्याला जायचंय," ती म्हणाली. जणू हेच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

तेवढ्यात मागून जाइल्सचा आवाज आला. "हे माझ्या मापाचे आहेत." तो रेटोच्या खुंटीखाली उभा होता.

"ते दुसऱ्याचे आहेत."

"कुठे आहे तो?"

"तळ्यात."

"मग त्याला काय करायचेत?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला. मी हात लावू नका म्हणून बजावलं, कारणही सांगितलं. त्यावर तो बायकोकडे वळून म्हणाला, "खेड्यातली माणसं, टेसा. यांना असलं काहीतरी लागतंच." मी तिथे उभी नाहीच, मी त्या शेडमधलं एखादं जुनं टिपाड आहे, अशा थाटात.

दुपारी रस्त्यावर एका गुरांच्या ट्रकचा टायर फुटल्याचा निरोप आला आणि मला जावं लागलं. परत आले तर रेटोची खुंटी रिकामी होती. जाइल्सचे गुळगुळीत टायर जमिनीवर टाकलेले, माझ्या पट्ट्या इकडेतिकडे फेकलेल्या.

"तू हो म्हणालीस, असं तो म्हणाला," क्लॅरी म्हणाला.

"आणि तुला ते पटलं?"

"माणसाच्या डोक्यावर कॅमेरा चालू होता, नोली. तो खोटं कशाला बोलेल?"

माझ्या भावाच्या अकलेवर मी बोलायचं कधीच सोडून दिलंय. "आणि ती?" मी विचारलं.

क्लॅरीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तिने चहाला तोंड लावलं नाही. निघताना म्हणाली, नोलीनना सांगा, मला जायचं नव्हतं."

इंग्रज गेला तर गेला, जगात त्यांची टंचाई नाही. पण तो जिथे जाईल तिथे ती पोरगी मागोमाग जाणार होती, निव्वळ सवयीने. मी पिकअप काढली.

मातीत दोन माग होते. त्याचा रुंद, तिचा अरुंद. एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. खुंटीवरचे टायर निम्मे झिजलेले होते, आणि मातीतले ठसे नव्याकोऱ्या बटणांचे होते. जितकं पुढे जावं तितके ते जास्त कोरे होत चालले होते. मग एका जागी, जिथे रस्ता सरळ आहे आणि वळायला काही म्हणता काही नाही, तिथे रुंद माग डावीकडे उतरला. अरुंद मागही उतरला.

तळ्याशी पोचले तेव्हा सूर्य टेकला होता आणि वारा पडला होता. हवेत मिठाचा वास, आणि त्यात मिसळलेला तापल्या रबराचा. टेसा गाडीवर बसून होती, इंजिन बंद, पुढचं चाक मिठाच्या पापुद्र्यावर. तो पापुद्रा कुत्र्याचंही वजन पेलत नाही, खाली पुरुषभर काळा चिखल आहे. आणि दूर, तळ्याच्या मध्यावर, गाडीच्या मागे असतो तसा एक लाल दिवा सरळ रेषेत चालला होता. सावकाश. अजिबात आवाज न करता.

"टेसा… उतर."

ती हलली नाही. "तो बोलावतोय मला," ती कुजबुजली. "इथे जमीन घट्ट आहे म्हणतो… ये ना म्हणतो… प्लीज म्हणतो…"

"मग थांबलीस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "जाइल्स मला 'ये ना' कधीच म्हणत नाही," ती म्हणाली. "'चल' म्हणतो."

मी तिच्या डोक्यावरून हेल्मेट काढलं आणि कानाला लावलं. आवाज जाइल्सचाच होता, पण मऊ, खाली आणलेला. "घाई नाही… सावकाश ये… मी थांबतो… आता मी थांबायला शिकलोय…" मग नुसती खरखर. मग अगदी कानाशी, "नोलीन, प्लीज… तुम्ही जाऊ नका."

जाइल्सने मला माझं नाव विचारलंच नव्हतं. मला भीती वाटली. इतकी की त्या घटकेला कुणाचीही टर उडवावीशी वाटली नाही. मी टेसाला दंडाला धरून ओढत गाडीत घातलं, हेल्मेट तिथेच फेकलं आणि मागे न बघता पिकअप हाणली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी शोधाची तयारी चालवली होती, तोच जाइल्स रस्त्यावरून चालत आला. अंगावर ओरखडा नाही, बुटांना मीठ नाही. गाडी तळ्याच्या काठी उभी आहे, त्याने सांगितलं. ती तशीच होती, आणि तिच्या टायरवरचे केससुद्धा झिजलेले नव्हते. क्लॅरीने चहा दिला तर तो उठून उभा राहिला आणि आभार मानले. स्वतःची बशी विसळली. माझ्याकडे येऊन, माझ्या पट्ट्या इतस्ततः टाकल्याबद्दल माफी मागितली.

"धक्का बसलाय," हवालदार म्हणाला. "माणूस सुधारतो अशाने." सरकारी पगारात एवढीच समज मिळते.

टेसा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तो दाराबाहेर बाकावर बसला, हात मांडीवर ठेवून. "तुला वाटेल तेव्हा निघू," तो दारातून म्हणाला. "प्लीज, घाई करू नकोस." दिवसभर तो तसाच बसला होता, पाणीसुद्धा न मागता. टेसा पिठाच्या पोत्यांमागे बसून माझा हात घट्ट धरून होती. "मला याच्याबरोबर पाठवू नका," एवढंच ती म्हणत राहिली.

मी पाठवलं नाही. शेवटी टपालाच्या ट्रकमधून तो एकटा गेला, हात हलवत, हसत. आता तिकडे आईजवळ राहतो. म्हातारी मधूनमधून टेसाला फोन करते. माझा मुलगा किती बदललाय, ताट वाढलं की वाट बघत बसतो, म्हणते, आणि अशा सोन्यासारख्या नवऱ्याला टाकून तू त्या उकिरड्यावर काय करतेस, असं विचारते. टेसा ऐकून घेते आणि फोन ठेवते. ती इथेच राहिली. क्लॅरीपेक्षा बरं रांधते, अर्थात ते काही अवघड नाही. हल्ली हसते तेव्हा ओशाळत नाही.

गेल्या आठवड्यात भर दुपारी बेव्हन आला. लांबलचक मालट्रक चालवतो, महिन्यातून एकदा या रस्त्याने येतो, आणि बीट घातलेला बर्गर खाल्ल्याशिवाय जात नाही. टेसा त्याच्यासाठी अंडं तळत होती.

"तुमच्या बाजूला कोण तोंडाळ इंग्रज फिरतोय?" त्याने विचारलं. "आम्ही ट्रकवाले आपसात बोलतो त्या रेडिओवर सारखा येतो. कुणाला तरी शिव्या घालत असतो."

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"मागे पडू नकोस म्हणतो. मूर्ख म्हणतो. कुठे मेलीस, मला इथे सोडून कुठे गेलीस, म्हणतो." बेव्हनने टेसाकडे बघितलं आणि जरा घुटमळला. "नाव तुझंच घेतो गं. म्हटलं योगायोग असेल."

टेसाने वळून बघितलं नाही. तव्यावर अंडं करपायला लागलं होतं. "कुठे ऐकलात?" तिने विचारलं.

"मागच्या खेपेला तळ्यापाशी. आज त्याच्या खूपच अलीकडे, तुमच्या गुरांच्या फाटकाजवळ."

ते फाटक पंपापासून दिसतं. सकाळीच मी ते स्वतःच्या हाताने लावलं होतं, साखळी घालून.

"येताना लावलंत ना ते?" टेसाने विचारलं.

"जसं सापडतं तसं सोडायचं, हा तर इथला नियम," बेव्हन म्हणाला. "उघडं होतं."