उलट उत्तर

ती रुग्णालयात लोकांचे कान तपासायची. जाड गादीच्या भिंती असलेल्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि काचेपलीकडून बारीक होत जाणारे आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच काम. काही म्हातारी माणसं आवाज नसतानाही बटण दाबत, नापास होऊ नये म्हणून. अशांना ती हसायची नाही. हळूच म्हणायची, "आजोबा, घाई नाही. खरंच ऐकू आलं तरच."

बाहेर ती अशी सगळ्यांशी गोड आणि घरी मात्र तोंडाचा पट्टा, असं सासूबाईंचं मत होतं. ते खोटंही नव्हतं. कारण घरी होता नवरा, आणि नवऱ्याच्या तोंडाला कुलूप.

तो मुद्रितशोधक होता. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या दुसऱ्यांच्या चुका दिवसभर काढायचा. स्वतःची एक कबूल करेल तर शपथ. ती बोलायला लागली की तो मूग गिळून बसे. चिडत नसे, घाबरतही नसे. चष्मा पुसायचा, उठायचा, आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचा. तिचे वडील गेले त्या दिवशी ते अत्यवस्थ असल्याचा फोन यानंच घेतला होता. हातातलं पान संपलं की सांगू, असं मनाशी म्हणाला आणि विसरला. ती पोचली तेव्हा वडिलांवर चादर ओढलेली होती. "का नाही सांगितलंस?" हे तिनं किती वेळा विचारलं असेल याला गणती नाही. उत्तर एकदाही आलं नाही. शेवटी तिनं घटस्फोटाचा अर्ज केला. तेव्हाही त्यानं फक्त मान हलवली.

निकाल लागेपर्यंत दोघं त्याच घरात राहत होते. ती पुढच्या खोलीत, तो मागच्या. तारखेच्या दिवशी सकाळी ती आवरून तयार झाली आणि त्याच्या बंद दारासमोर उभी राहून म्हणाली, "आज तरी वेळेवर ये. तिथेही मलाच तोंड उघडायला लावू नकोस." नेहमीप्रमाणे आतून काही नाही. तिनं बाहेरच्या दाराची साखळी काढली आणि ती निघाली.

कोर्टात तो आलाच नाही. ती दिवसभर लाकडी बाकावर धुमसत बसली. घरी येताच तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं. पलंगावर उशीला डोक्याचा खळगा. उशाशी चष्मा. पलंगाखाली बूट, टेबलावर फोन आणि पाकीट. माणूस नाही.

पोलिसांत तक्रार तिनंच दिली. इन्स्पेक्टर तिच्याच वयाचे होते, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "सकाळी साखळी आतून लावलेली होती, तुम्हीच काढलीत. तुमच्यानंतर दिवसभर जिना कोणीच उतरलं नाही, असं खालचे सांगतात. मग ते बाहेर गेले कधी?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय!"

"तुम्ही फार चिडलेल्या दिसता."

"मग काय पेढे वाटू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं भांडण अर्धं टाकून उठायचा. आता संसारच अर्धा टाकून उठलाय."

वकीलबाईंनी हात वर केले. माणूस सापडत नाही तोवर पुढे काही सरकणं कठीण, आणि सापडलाच नाही तर वर्षानुवर्षं थांबायची तयारी ठेवा. म्हणजे धड बायको नाही, धड मोकळी नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी तिनं मागच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि रिकाम्या पलंगाला मनसोक्त झापलं. भित्रा म्हणाली, चोर म्हणाली. वडिलांचं नाव घेऊन तोच जुना प्रश्न विचारला. बोलून बोलून घसा बसला, पण झोप बरी लागली. मग ते रोजचंच झालं. कामावरून यायचं, पर्स टाकायची आणि त्या खोलीपुढे उभं राहायचं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी तिचा हात धरला.

"आला ना गं परत? बरं वाटलं ऐकून."

"कोण परत आला?"

"अगं, भिंती पातळ आहेत आपल्या. तुमचं रोज ऐकू येतं. तुझा आवाज तर काय, वरच्या पट्टीतला. पण तोही बोलायला लागलाय हल्ली. बिचारा इतकं समजावतोय, तर त्याला मधे मधे तोडू नकोस."

तिनं हात सोडवला. ती वर गेली आणि घरातली सगळी कपाटं उघडून पाहिली. पलंगाखाली वाकून पाहिलं. बूट तिथेच होते, त्यांच्यावर धूळ बसली होती.

बाईंनी हे इन्स्पेक्टरांनाही सांगितलं असावं, कारण सुटीच्या दिवशी सकाळीच ते दारात हजर. तिनं त्यांना सगळं घर दाखवलं. मागच्या खोलीत येईपर्यंत तिचा संयम सुटला.

"बघा, उचकटा फरश्या! मी काय त्याला खिशात लपवलाय? तोंडातून शब्द न काढणारा माणूस म्हणे समजावतो! अरे, इतक्या वर्षांत एकदा तरी—"

"एक मिनिट, मॅडम." इन्स्पेक्टरांनी हात वर केला होता. त्यांची मान पलंगाकडे वळली होती. ते दोन पावलं पुढे गेले, वाकले, मग भिंतीला कान लावून उभे राहिले.

"काय झालं?"

"आत्ता कोण बोललं?"

"मी बोलले."

"तुमच्यानंतर."

खोलीत पंख्याची घरघर होती. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. तिला ते इंजीन दोनदा अडखळलेलं ऐकू आलं, शेजारच्या नळाची गळतीही ऐकू आली. आणखी काहीच नाही.

"काय ऐकलंत तुम्ही?"

इन्स्पेक्टरांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला. "'माझं चुकलं' म्हणाले." मग "दोनदा म्हणाले," असं पुटपुटत ते दाराकडे सरकले. त्यानंतर चौकशीला ते स्वतः कधी आले नाहीत, दुसऱ्याला पाठवत.

भीती तिला वाटायला हवी होती. वाटला तो संताप. ज्या दोन शब्दांसाठी तिनं उभं आयुष्य दाराशी डोकं आपटलं, ते हा परक्या माणसाला ऐकवतो? खालच्या बाईंना ऐकवतो? आणि तिला सोडून?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती स्वतःच त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत जाऊन बसली. सहकारी मैत्रिणीनं काचेपलीकडून आवाज सोडले. ती बटण दाबत गेली. मैत्रीण बाहेर आली ती डोळे विस्फारून. "तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. लहान मुलीचे असावेत तसे. तुला काय होणार आहे?"

त्याच आठवड्यात सासूबाई येऊन थडकल्या. आल्या त्या भांडायच्या तयारीनं. "माझ्या पोराचं काय केलंस?" दारातूनच सुरुवात. तीही मागे हटली नाही. "तुमचं पोर तुम्हीच मुकं जन्माला घातलंत, आई! त्याला बोलायला शिकवलं असतंत तर—"

सासूबाई मधेच थबकल्या. चेहरा एकदम सैलावला. पिशवी तिथेच टाकून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "हो रे बाळा," म्हणाल्या. "आले मी. बस हं, बोल तू."

तेव्हापासून त्या तिथून हलेनात. रिकाम्या उशीकडे तोंड करून हुंकार भरायच्या, मधेच हसायच्या, पदरानं डोळे टिपायच्या.

"काय सांगतो तो?" तिनं एकदा दातओठ खात विचारलं.

"सगळंच सांगतो गं. तुझ्या वडिलांचंही. इतकं आतून बोलतोय, की ऐकवत नाही."

"मला का ऐकू येत नाही मग?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच वैर नव्हतं. कीव होती. "तू ओरडत असतेस ना," त्या म्हणाल्या. "आताही बघ. हळू. तो बोलतोय."

ती ओरडली. उशी भिंतीवर भिरकावली, खुर्ची आडवी केली, चष्मा उचलून खिडकीबाहेर फेकला. "बोल! माझ्याशी बोल! मी विचारलं होतं, मी!"

सासूबाई फक्त तोंडावर बोट ठेवून बसल्या.

तिनं बॅग भरली आणि ती धाकट्या बहिणीकडे, दुसऱ्या गावी निघून आली. बहिणीनं काही विचारलं नाही, पुढ्यात गरम चहा ठेवला. तिथे दिवस बरे गेले. नोकरी सोडून दुसरी बघायची, घर विकायचं, असं बोलणंही सुरू झालं. राग होता, पण बसल्या जागी मावेल एवढा.

मग एका दुपारी खालच्या बाईंचा फोन आला. त्या खुशीत होत्या. "अगं, तुमचं मिटलं ते ऐकून मन भरून आलं. काल संध्याकाळी किती हसत होतात दोघं! तुझं असं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं."

"बाई, मी तिथे नाहीच आहे. मी बहिणीकडे—"

पण बाई आपल्याच नादात होत्या. "हॅलो? हॅलो? काय गं हा फोन," असं म्हणत त्यांनी तो ठेवून दिला.

तिची कानशिलं तापली. तिनं लगेच सासूबाईंना फोन लावला. समोर बहीण भाजी निवडत बसली होती.

घंटी वाजत राहिली. मग सासूबाईंचा आवाज. "हॅलो?"

"आई, काय चाललंय तिथे? घरात कोणाला आणून ठेवलंय तुम्ही?"

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी बोलतेय! मी!"

"हॅलो?"

पलीकडे कपबशांचा आवाज झाला. पुरुषाचं खाकरणं. आणि मग एक बायकी आवाज, शांत, जरासा लाडिक.

"कोणाचा फोन आहे हो, आई?"

आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला ओळखू येत नाही. तिनं ओळखला.

"काय माहीत गं. कोणी बोलतच नाही."

ती उभी राहिली. छातीत मावेल तेवढी हवा भरून ती ओरडली, गळ्याच्या शिरा ताठ होईपर्यंत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. फोनवर मी आहे, आई. त्या घरात जी आहे ती मी नाही.

बहिणीनं भाजीतून मान वर केली.

"ताई, कधीची नुसती फोन धरून उभी आहेस," ती म्हणाली. "बोल ना काहीतरी."