सर्वणच्या ओहोळातले मासे

"बाईसाहेब, माझ्या मालकानं काय बी केलेलं नाय!"

यशोदाने पदराने डोळे टिपले. गुप्तहेर शालिनी केरकरांची कचेरी शोधत मूळची कोल्हापूरकडची ही बाई डिचोलीच्या बाजारात आली होती. तिचा नवरा महादेव एका रसायन कारखान्यात सांडपाण्याचं यंत्र चालवायचा. सोमवारी सर्वणच्या ओहोळात मासे मेले आणि खापर त्याच्यावर फुटलं. आज चार वाजता गावची सभा होती. कारखानाच बंद पाडायचा, असा सूर होता.

"मासे मेले म्हणजे यंत्र बिघडलं," शालिनीबाईंचे मदतनीस काशिनाथ म्हणाले. निवृत्त पोस्टमनला याहून सरळ पत्ता दिसत नव्हता.

"विचारून तर पाहू."

गोवा घटकराज्य झाल्यावर चौथ्या वर्षी बसवलेलं कारखान्यातलं ते यंत्र महादेवने जीव लावून दाखवलं. "फिनेलच्या वासाचं घाण पाणी दाबाखाली तापवायचं, त्यात हवा सोडायची. घाण पाण्यातच जळते, जाळ न होता."

त्याने नळ सोडला. काशिनाथांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "भाजलं की! आणि वास व्हिनेगरसारखा."

"थोडा आंबटपणा उरतो. तो पुढच्या हौदात जातो." महादेवने सोमवारचा कागद पुढे केला. यंत्र स्वतःच त्यावर उष्णतेची रेघ ओढत असे. दिवसभराची रेघ वर, सरळ, अखंड होती.

व्यवस्थापक सुधीर घाईत होते. "सोमवारी सकाळी आठ वाजता मी स्वतः याच नळाखाली टँकर भरून घेतला. ते पाणी लगेच खाणीच्या रस्त्यावर शिंपडलं, धुळीसाठी. उताराने ओहोळात गेलं."

"आणि यंत्रात न गेलेल्या कच्च्या पाण्याची टाकी?"

"कुलूपबंद. किल्ली माझ्याकडे."

टँकरचालक विजय सावंतवाडीकडचा. "सायबानी टँकर भरून आणून दिल्यानी. मगे मी तेच्या टाकयेक पाठ टेकून चाय पिलंय. गारेगार वाटला."

"वास?"

"खाणीच्या धुळीन माझा नाक केवाच गेला, बाय."

सर्वणच्या वत्सलाबाईंनी त्या दिवशी ओहोळाचं पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं. काशिनाथांनी बूच काढलं. "फिनेल!"

सभेत आरडाओरडा चालला होता. शालिनीबाई उभ्या राहिल्या.

"यंत्राचं पाणी आंबट वासाचं. बाटलीतल्याला फिनेलचा वास, म्हणजे ते यंत्रातून गेलेलंच नाही."

"यंत्र बंद पडलं असेल!" सुधीर ओरडले.

"बंद पडलं असतं, तर कागदावरची रेघ खाली आली असती. यंत्र तापलेलं होतं. मग त्याच्या नळाचं कढत पाणी भरलेल्या टाकीला पाठ टेकून विजय चहा कसा प्यायला? टँकर दुसरीकडे भरला. दुसरी टाकी एकच, किल्लीही एकच. आणि चालकही नेमका वास न कळणारा."

सुधीरांनी खिशातली किल्ली काढून पुढे ठेवली. "टाकी काठोकाठ भरली होती. उत्पादन थांबवलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

"म्हणून महादेवची घालवायला निघालात," काशिनाथ म्हणाले. सकाळचं आपलंच बोलणं आठवून त्यांचे कान तापले.

कोणीतरी पुन्हा ओरडलं, "बंद करा कारखाना!"

वत्सलाबाई उठल्या. "यंत्रानं काय केलां? तें चलूं दी. पण थंय यंत्राकडे रोज आमच्या गावचा माणूस लक्ष ठेवूक बसतलो. नाहीतर मीच बसतंय. शिकवशील मरे महादेवा?"

यशोदा पहिल्यांदा हसली.

"उद्या सकाळी या, मावशी," महादेव म्हणाला. "फक्त चप्पल चांगली घाला. तिथली फरशी लई घसरते."