चित्रामागचं वर्णन

ग्रंथालयातलं झेरॉक्सचं मशीन बंद पडलं नसतं, तर ती शेजारच्या खोलीत डोकावलीच नसती. हातात स्वतःच्या हस्ताक्षरातल्या धड्यांचा गठ्ठा आणि चेहऱ्यावर वैताग घेऊन तिने दारातूनच विचारलं, "इथे दुसरं मशीन आहे का हो?"

खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने मान वर केली. दुपारचं ऊन त्याच्या बाहीवर सांडलं होतं. त्याने गठ्ठा हातात घेतला, एक-दोन पानं चाळली, आणि मग तिथेच रमला. ती ताटकळत उभी.

"मशीन नाहीये," तो शेवटी म्हणाला. "पण हे तर पुस्तक आहे. झेरॉक्स कशाला काढताय?"

"पुस्तक कसलं... शाळेच्या भिंतीकडेला उगवणाऱ्या झाडाझुडपांवरचे धडे आहेत. नेमलेल्या पुस्तकातली झाडं माझ्या वर्गातल्या मुलांनी जन्मात पाहिलेली नाहीत. म्हणून मीच लिहिले."

"मग सगळ्यांच्याच मुलांना द्या ना. मी इथे तेच काम करतो."

ते काम म्हणजे काय, हे त्याने तिला खुर्ची देऊन समजावलं. शिक्षकांनी लिहिलेले धडे नीट मांडायचे आणि इंटरनेटवर खुले करायचे. कुणीही ते फुकट वाचावेत, छापावेत, आपल्या वर्गाला हवे तसे बदलावेत. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं राखावं. या उद्योगापायी शिक्षकमंडळी त्याला फुकटराव म्हणायची, हेही त्यानेच सांगून टाकलं. ती हसली, आणि तिचा वैताग कुठल्या कुठे पळाला.

मग दर बुधवारी शाळा सुटली की ती त्या खोलीत जाऊ लागली. सुरुवातीलाच त्याने तिची सगळी चित्रं काढून टाकली.

"ही तुमची आहेत?"

"नेटवरून घेतली."

"म्हणजे कुणाची तरी. दुसऱ्याची वस्तू आपण परस्पर कशी वाटायची?"

"अहो, मला साधं गवत काढता येत नाही."

"मला... फोटो काढता येतात," तो म्हणाला आणि उगाचच चष्मा पुसू लागला.

शाळेच्या भिंतीकडेने दोघं हिंडली. तो गुडघ्यावर बसून शेवाळाचे, गवताचे, फटीतल्या वेलींचे फोटो काढायचा आणि ती एकेकाची गोष्ट सांगत राहायची. शिरा दाखवायला तिने एक पान उन्हात धरलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अशाच थांबा." ती थांबली. फोटो काढून झाला असावा, तरी दोघं जरा वेळ तशीच उभी होती.

तिच्या घरी आत्या होती. जन्मभर शाळेत शिकवत आलेली, आता दृष्टी गेलेली. पडद्यावरचा मजकूर फोनच मोठ्याने वाचून दाखवायचा आणि आत्या ऐकायची. "चित्र आलं की मेला मुका होतो," ही तिची तक्रार. भाचीने ती फुकटरावांच्या कानावर घातली.

"चित्रामागे वर्णन लिहून ठेवता येतं," तो म्हणाला. "डोळस माणसाला ते दिसत नाही, फोन मात्र वाचतो. ते मी लिहितो, तुम्ही काळजी करू नका."

पुस्तक कधीच तयार झालं होतं, पण तसं कुणी म्हणेना. ती एखादा स्वल्पविराम शोधून काढायची, तो समासाला नावं ठेवायचा. पुस्तक बाहेर पडलं की बुधवार संपले, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बोलावं तर... तो सगळ्याच शिक्षकांशी असा गोड वागत असला तर? नुसत्या विचाराने तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

अखेर मुख्याध्यापकांनीच तगादा लावला.

"बटण तुम्ही दाबा," तो म्हणाला.

तिने दाबलं. पुस्तक जगात गेलं.

"झालं," तो म्हणाला.

"झालं."

"मग... काही लागलं तर..."

"हो, सांगेनच."

घरी जाताना तिला रडू येत होतं. एवढं हौसेनं केलेलं काम पुरं झालं, आणि आनंद म्हणून कुठे वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, तर आत्या फोन कानाशी धरून गालातल्या गालात हसत होती. "अगं, हा फोटो लिहिलाय कुणी?"

"फोटो लिहितात का, आत्या?"

"ऐक तर."

फोनचा कोरडा आवाज वाचू लागला. "चित्र. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईंच्या हातात एक पान. उन्हामुळे शिरा स्पष्ट दिसतात. बोटांना खडू लागला आहे. कपाळावर एक बट आली आहे, त्यांना ते माहीत नाही. पानाकडे बघून त्या हसत आहेत. अशा वेळी त्या काय शिकवतात ते ऐकायचं राहून जातं." थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, "चित्र. शेवाळ."

"शेवाळाला एक शब्द, आणि तुला अख्खा परिच्छेद," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं पोरांचे निबंध तपासलेत मी. जीव कुठे ओतलाय ते बरोबर कळतं मला."

"चुकून राहिलं असेल गं ते."

"राहिलं असेल चुकून. लिहिलं नाही चुकून. ऊठ, चप्पल घाल."

ग्रंथालयाची खिडकी उतरत्या उन्हाने भरली होती. तिला दारात पाहून तो गडबडून उभा राहिला. "आज? आज बुधवार नाही..."

"पुस्तकात चूक आहे. वर्णनात."

त्याला उमगलं. चेहरा पार उतरला. "ते कच्चं होतं. माझ्यापुरतं. बदलायचं राहून गेलं... माफ करा, आत्ता काढतो."

त्याचा हात कीबोर्डकडे गेला, तशी तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "खुल्या पुस्तकात कुणीही सुधारणा सुचवू शकतं ना?"

"हो."

"मग माझी सुधारणा घ्या. त्या पानाकडे बघून हसत नाहीयेत. पानाच्या कडेवरून त्या... फोटो काढणाऱ्याकडे बघतायत." कीबोर्ड तिने अजून सोडला नव्हता. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. फोटो बघून कळलं नाही तुम्हाला?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "कळलं होतं. लिहायची हिंमत झाली नाही. वाटलं, माझ्याच मनाचे खेळ असतील."

"मुलांसाठी 'बाईंच्या हातात पान' एवढंच ठेवा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मला सांगत जा."

त्याने वर्णन बदललं. आता त्याला हसू आवरत नव्हतं. "पण आता तर आपलं काही कामच उरलं नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर आले," ती म्हणाली. "काहीही काम नसताना तुमच्याकडे यायचं होतं मला. कधीपासून."

त्याने कॉम्प्युटर बंद केला, आणि तिच्याजवळची खुर्ची ओढून बसला.