सीलबंद पिशवीतली आठ काडतुसे

दुपारी दीड वाजता इर्या कल्लुंकीच्या कमरेचा वायरलेस खरखरला. ती जेवणाच्या तंबूत सामन माशाचे सूप पीत होती, आणि सूप ठार अळणी होते.

"बाई, मापनाच्या तंबूत या," वेइक्कोचा आवाज आला. "साइमी नापास झालीय."

इर्याने चमचा खाली ठेवला. "मार्ता, मीठ विसरलीस."

"विसरले नाही. सकाळी किलोभराची पिशवी इथंच होती, कुणीतरी पळवली," मार्ता कढईवरून म्हणाली. "जगभरातून नेमबाज गोळा झालेत म्हणे. मीठचोर मेले."

एकतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली इर्या या जागतिक रायफल स्पर्धेच्या तक्रार समितीची प्रमुख होती. पाइनच्या रानातली वाळूची वाट जुलैच्या उन्हाने तापली होती. नऊ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता.

या खेळात धावत, वाकत, आडोशांमागून निशाणे टिपायची असतात. जोरदार काडतुसांचा धक्का सोसणाऱ्याला थोड्या हुकलेल्या नेमाचेही जास्त गुण मिळतात. म्हणून जोरदार सांगून हलकी काडतुसे वापरणे ही इथली सर्वांत हीन चोरी. ती पकडायला पंच प्रत्येकाची आठ काडतुसे न सांगता काढून घेतात, सीलबंद करतात आणि पुढे त्याच्याच रायफलीतून वेगमापकासमोर झाडतात. गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकारातून येणारा जोराचा आकडा तीनशे वीसच्या खाली जाता कामा नये.

साइमी होन्काहार्यूचा आकडा आला होता तीनशे सोळा.

ती तंबूत एका खोक्यावर बसली होती. सत्तावीस वर्षांची, कालपर्यंत सर्वांत पुढे. शेजारी तिचा प्रशिक्षक आर्मस वेस्टेरिनेन हाताची घडी घालून उभा होता. टेबलामागे मापनाचे काम पाहणारा म्हातारा वेइक्को. अनेक हिवाळ्यांपूर्वी बर्फाखालचे मासळीचे जाळे ओढताना त्याच्या बोटांची टोके गोठून बधिर झाली होती. काडतुसे तो चिमट्याने उचलत असे, हे साऱ्या मैदानाला ठाऊक होते.

"सील?" इर्याने विचारले.

"शाबूत होतं. मीच कापलं, आर्मससमोर. साइमी शेवटच्या फेरीच्या तयारीत होती, तिच्या वतीनं तो हजर होता."

"त्याआधी पिशवी कुठं होती?"

"या लाकडी पेटीत, सगळ्यांच्या पिशव्यांबरोबर. पेटीला कुलूप नाही. सील हेच कुलूप."

"झाडली किती?"

"तीन. कमी पडली, म्हणून नियमानं आणखी तीन. एक उघडून गोळी तोलली, वजन चोख. एक उरलंय."

"इर्या, कशाला कीस काढतेस?" आर्मस म्हणाला. "मी पोरीला घसा फोडून सांगितलं होतं, काठावर खेळू नकोस. तीनशे बावीसवर कुणी शहाणा काडतुसं भरतो का?"

"आकडा तुम्हीच ठरवलात, आर्मस," साइमी जमिनीकडे पाहत म्हणाली. मग इर्याकडे वळली. "बाई, पदक गेलं तर जाऊ दे. पण उद्यापासून लोक मला चोर म्हणतील. माझ्याकडची उरलेली काडतुसं तपासा ना."

"ती दोन प्रकारची आणली असशील, असं म्हणता येतं. नियम याच पिशवीला मानतो. पाच वाजता निकाल."

इर्याने रिकामी पिशवी उचलली. तिच्यावरचा साइमीचा क्रमांक शाईने लिहिलेला होता आणि फुटला होता. पेटीतल्या बाकी पिशव्यांवरचे आकडे खणखणीत होते. तिने पिशवी नाकाशी नेली आणि तिला शिसारी आली. मासळीचा वास होता.

"साइमीच्या आधी इथं कोण आलं होतं?"

"रादेक. अकराला. पास झाला आणि गेला." चेक नेमबाज रादेक व्लासाक दुसऱ्या क्रमांकावर होता. साइमी घसरली की सुवर्णपदक त्याचेच.

"आणि तुम्ही तंबू सोडून कधी गेलात?"

वेइक्को ओशाळला. "साडेबाराला. आर्मस म्हणाला, मार्ताचे दालचिनीचे पाव संपत आलेत, मी राखण करतो. रांगेत अर्धा तास मोडला. आल्या आल्या साइमीची पिशवी घेतली. बाई, आजचा दिवसच नासका. मासळीसुद्धा गेली."

"मासळीला काय झालं?"

त्याने टेबलाखालची निळी शीतपेटी ओढली. "सकाळी तळ्यातनं काढली. बर्फ तर दहालाच वितळायला लागला होता, आणि आता बघा, लाकडागत ताठ. अशी गोठली की वितळल्यावर लगदा होतो. मांजर खाणार नाही."

इर्या वाकली. खवले आणि रक्त मिसळलेल्या त्या गढूळ पाण्यात तिने बोट बुडवले आणि जिभेला लावले. साइमीने तोंड फिरवले. इर्या थुंकली, रुमालाने ओठ पुसले आणि घड्याळ पाहिले.

"उरलेलं काडतूस या टेबलावर सावलीत राहू दे. मी इथंच बसते. पाचपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पाच वाजता समितीचे दोघे सदस्य आले. आर्मस आणि साइमी होतेच. रादेकलाही बोलावले होते. इर्याच्या खुणेसरशी वेइक्कोने ते एकुलते काडतूस साइमीच्या रायफलीत भरले आणि झाडले.

"तीनशे बावीस," तो पुटपुटला. त्याने पुन्हा पाहिले. "बावीसच."

"एक बरं निघालं म्हणून काय सिद्ध होतं?" आर्मस म्हणाला.

"एकट्यानं फार नाही. पण सील शाबूत म्हणजे काडतुसं शाबूत, असं सगळे धरून चालले. न उघडता बदलते अशी एक गोष्ट पिशवीत होती. तापमान. काडतुसातली दारू गार असली की सावकाश जळते, गोळीचा वेग घटतो. वजन तेवढंच राहतं. या पिशवीला मासळीचा वास आहे आणि आकडा दवानं फुटलाय. पाऊस नसताना दव कशावर धरतं? उन्हात आणलेल्या गार वस्तूवर. पिशवी शीतपेटीत होती."

सगळ्यांनी वेइक्कोकडे पाहिले.

"शीतपेटीतलं पाणी खारट आहे, आणि तळं गोड्या पाण्याचं. बर्फात मीठ टाकलं की तो शून्याच्या खूप खाली जातो. मार्ताचं मीठ तिथं गेलं. कोळी आपली ताजी मासळी अशी नासवत नाही."

"मग रादेक," आर्मस म्हणाला.

"अकराला इथनं गेलो तो दोनपर्यंत मैदानातच होतो," रादेक म्हणाला. "पंचांना विचारा."

"वायरलेसवरून विचारलं," इर्या म्हणाली. "पितळी काडतूस या उन्हात दहा-पंधरा मिनिटांत कोमट होतं. म्हणजे पिशवी झाडण्याआधी जेमतेम काही मिनिटं बर्फातून निघाली. तेव्हा तंबूत एकच माणूस होता. शिवाय गारठ्यानं आकडा पाच-सहाच घसरतो. बाकीचे तीनशे तीसवर भरतात, त्यांना काही झालं नसतं. साइमी फक्त दोननं वर आहे, हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक होतं, आर्मस?"



"गुरुवारी मी यांना सांगितलं," साइमी हळूच म्हणाली, "की या स्पर्धेनंतर मी एकटी सराव करीन. मला वाटलं, समजून घेतलंत. तुम्ही मला मिठीसुद्धा मारलीत."

"मी घडवलं तिला," आर्मस म्हणाला. "बंदूक धरता येत नव्हती. माझ्याशिवाय काय आहे ती, हे तिला कळायला हवं होतं."

"तक्रार मान्य. गुण कायम," इर्या म्हणाली. "यांचा प्रशिक्षकाचा परवाना आत्ता काढून घ्या."

साइमीने खिशातून आर्मसच्या हस्ताक्षरातली काडतुसांची वही काढली, टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता बाहेर गेली.

तंबू रिकामा झाला. वेइक्को शीतपेटीपाशी उकिडवा बसून मासळी एकेक करून बादलीत टाकत होता. वितळू लागलेली मासळी त्याच्या हातात फुटत होती.

"एक कळत नाही, बाई. इतकी गार पिशवी आर्मसनं माझ्या हातात दिली. दुसरा कुणी असता तर चटका बसून ओरडला असता. मला काहीच जाणवलं नाही."

"तुम्हाला जाणवणार नव्हतंच," इर्या म्हणाली. "ते त्यानं आधीच हिशेबात धरलं होतं."

वेइक्कोने आपली बोटे उलटसुलट करून पाहिली. मग ती पँटीला पुसली, बराच वेळ.