बंद न केलेली डिस्क

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. मैसूरमध्ये पंचवीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ काढले. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग डीव्हीडीवर. आता लोक लग्न फोनवर काढतात आणि फोनमध्येच विसरून जातात. माझ्या वाट्याला राहिलंय ते म्हातारं काम. कुणाची डिस्क लागत नाही, कुणाचा प्लेअर डिस्क ओळखत नाही, असल्या तक्रारी.

दहांतल्या सात घरांत दोष एकच निघतो. डिस्कवर लिहून झालं की ती बंद करावी लागते. आता पुढे काही लिहायचं नाही, असं मशीनने तिला शेवटी सांगायचं असतं. तेवढं राहिलं की ती उघडी राहते. ज्या कॅमेऱ्यात लिहिली, त्यात दिसते. घरच्या प्लेअरमध्ये टाकली की प्लेअर म्हणतो, डिस्कच नाही. आम्ही रंगाऱ्यांच्या घराण्यातले. रंग पक्का केल्याशिवाय आजोबा कापड दुकानाबाहेर जाऊ देत नसत म्हणे. माझंही तसंच. उघडी डिस्क मी गिऱ्हाइकाला परत देत नाही. आजवर दिली नाही.

दसरा होऊन पंधरवडा झाला होता. सोमवारी दुपारी कुवेंपुनगरात एका बाईंकडे गेलो. कमलिनीताई, मूळच्या साताऱ्याच्या. यजमान विजयराव बेळगोळच्या एका कारखान्यात होते, म्हणून वीस वर्षांपूर्वी इकडे आले. मुलगी अन्विता आयर्लंडमध्ये. विजयराव जाऊन दीड वर्ष झालेलं. मी दारात दोन वाक्यं बोललो नाही, तोच त्यांना हसू आलं. माझं मराठी असलं, निम्मं कन्नड. पण त्या हसण्यात टिंगल नव्हती हो. म्हणाल्या, मराठी कानावर पडून महिना झाला, अन्विताचा फोन सोडला तर.

प्लेअर उघडला, भिंगावरची धूळ पुसली, माझ्याजवळची डिस्क टाकली. छान चालली. मग त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली त्यांची डिस्क आणली. हँडीकॅमची छोटी डिस्क, तळहातात मावेल एवढी, तीस मिनिटांची. विजयरावांनी दवाखान्यात सांगितलं होतं, "छोट्या डिस्कवर तुझ्यासाठी बोलून ठेवलंय, बघ." तिसऱ्या दिवशी ते गेले. कॅमेरा तोवर बिघडलेला. बाईंनी तो गेल्या वर्षी रद्दीवाल्याला देऊन टाकला आणि मग कळलं की डिस्क दुसऱ्या कशातच लागत नाही.

"मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय," कमलिनीताई म्हणाल्या. "चेहरा फोटोत आहे. आवाज कुठेच नाही."

मी टीव्हीसमोर उकिडवा बसलो होतो. डिस्क उजेडात तिरपी धरली. लिहिलेला भाग खालच्या बाजूने थोडा गडद दिसतो, आतून बाहेर वर्तुळात. इथे तो काडेपेटीतल्या काडीएवढा रुंद होता. म्हणजे चारेक मिनिटांचं बोलणं. सांगितलं त्यांना, काळजी करू नका, उघडी राहिलीय एवढंच, बंद करून आणून देतो. त्यांनी उपमा केला होता, तो खाऊनच जा म्हणाल्या. टेबलाला खुर्च्या चार, आणि तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. एक गठ्ठा त्यांनी माझ्यासाठी खाली ठेवला.

घरी आलो, संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. माझ्याकडे एक जुना ड्राइव्ह आहे, तो उघडी डिस्कसुद्धा वाचतो. विजयराव दिसले. स्वेटर, गळ्याला मफलर, सोफ्यावर टेकून बसलेले. मिक्सरच्या भांड्याचं रबर कुठे मिळेल ते सांगितलं. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं. मग जरा थांबले आणि म्हणाले, "कमल, तू एकटी बसून जेवशील, हे काही मला बघवत नाही." एवढं बोलून उठले, कॅमेऱ्याकडे आले, बटणं चाचपली. हे बंद कसं करायचं, असं पुटपुटले. चित्र संपलं.

तिथे डिस्क संपायला हवी होती. यादीत त्याखाली आणखी तुकडे होते.

पहिला लावला. तोच हॉल, शोकेसच्या वरून पाहिलेला. कोणी नाही. पंख्याचा आवाज. मग कमलिनीताई ताट घेऊन आल्या, टेबलापाशी बसल्या, जेवल्या, उठल्या. दोनच मिनिटं. मी तारीख पाहिली. हा कॅमेरा प्रत्येक तुकड्याला तारीख लावतो. तारीख या वर्षातली होती, जूनची... आणि कॅमेरा गेल्याच वर्षी रद्दीत गेलेला.

अय्यो, म्हटलं तारीख चुकली असेल. बॅटरी उतरली की कॅमेरे कसल्याही तारखा लावतात. पुढचा तुकडा लावला. बाई जेवतायत, पण आता शोकेसवरून नाही, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून. त्यापुढचा त्याहून जवळून. भात कालवतानाची बोटं दिसत होती. कोणाशी बोलणं नाही, टीव्ही नाही, नुसता चमच्याचा आवाज. पाहणारा काहीच करत नव्हता. बघत होता फक्त.

शेवटचा तुकडा त्याच दिवसाचा होता. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. टीव्हीसमोर एक माणूस उकिडवा बसलाय, त्याच्या मानेवरचा तीळ दिसतोय, इतक्या जवळून. तो मी होतो. माझ्या हातात डिस्क होती. हीच डिस्क.

पंचवीस वर्षं हे काम केलंय मी. लेसर लागल्याशिवाय डिस्कवर एक रेघ उमटत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. ड्राइव्हमधून ती बाहेर काढली, ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. दुपारी काडीएवढं असलेलं वर्तुळ पेन्सिलीएवढं रुंद झालं होतं. मी ती टेबलावर ठेवली आणि हात धुऊन आलो. का धुतले, विचारू नका.

विजयरावांचं बोलणं तेवढं पेन ड्राइव्हवर घ्यावं म्हणून तीनदा कॉपी केली. चित्र आलं. आवाज एकदाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी कमलिनीताईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, घाबरतील, मला वेडा म्हणतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं, त्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"जवळ येतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"डिस्कवर जागा किती राहिलीय?"

"अकरा मिनिटांची असेल."

"मग बंद करू नका, गुंडुराव," त्या म्हणाल्या. "त्यांचा आवाज मी शुक्रवारी तुमच्याकडे येऊन ऐकेन. एकदा ऐकला तरी पुरे. पण ती बंद करू नका."

मी बरं म्हणालो. शब्द दिला. निघताना पाहिलं तर बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच होतं. पाहुणे यायच्या दिवशी घरातल्या बाईचा चेहरा होतो ना, तसा.

बुधवारी मी डिस्कला हात लावला नाही. गुरुवारी राहवलं नाही. एक नवा तुकडा होता, आदल्या रात्रीचा. झोपायच्या खोलीतला. अंधारातलं चित्र, दाणेदार, तरी कमलिनीताईंचा चेहरा ओळखू येत होता. त्या झोपल्या होत्या. पलंगाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं, आडवं होऊन, एका हाताच्या अंतरावरून. मी आवाज वाढवला. श्वास ऐकू येत होते... एक लयीत, संथ, झोपलेल्या माणसाचा. आणि दुसरा... दुसरा थांबून थांबून.

आता खरं बोलतो. मी घाबरलो, हे खरंच. यापुढे आणखी जवळ म्हणजे कुठे, हा विचार मनात आला. बाई एकट्या, मुलगी सातासमुद्रापार, काही झालं तर दोन दिवस कोणाला कळणार नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. माझी बायको गौराबाई जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी या घरात एकटा जेवतो. तिने कधी बघितलं नाही. एकदाही नाही. त्या चित्राकडे बघताना मला हेवा वाटला हो, मेलेल्या माणसाचा नाही, त्या झोपलेल्या बाईचा. बंद करायचं बटण दाबताना माझ्या मनात काय काय होतं, ते मलाही वेगळं काढता येत नाही.

तीन मिनिटं लागतात. हिरवा दिवा लुकलुकला, विझला. संपलं. बंद केलेली डिस्क पुन्हा उघडता येत नाही.

शुक्रवारी त्या यायच्या आत मीच डिस्क घेऊन गेलो. खोटं सांगितलं, डिस्क खराब व्हायला लागली होती, बंद केली नसती तर सगळंच गेलं असतं. कमलिनीताईंनी ती हातातून घेतली. प्लेअरमध्ये टाकली. घरच्या प्लेअरने ती पहिल्यांदा ओळखली.

विजयराव बोलायला लागले तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. मिक्सरचं रबर, टाकीचा व्हॉल्व्ह, सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. हे काही मला बघवत नाही, हे आलं तेव्हा पदर तोंडाशी धरला. मला बरं वाटलं त्या क्षणी. म्हटलं, चला, चूक केली असेल, पण काम झालं.

पुढचे तुकडे आपोआप एकामागून एक लागत गेले. जेवण. जेवण. टीव्हीसमोरचा मी. झोपायची खोली. तो तुकडा संपल्यावर डिस्क थांबायला हवी होती, कारण त्यापुढे मी काही पाहिलेलं नव्हतं. पण आणखी एक होता.

कॉम्प्युटरचा पडदा. त्यासमोर बनियन घातलेली एका माणसाची पाठ, टक्कल, माउसवर हात. भिंतीवर गौराबाईचा हार घातलेला फोटो. हिरवा दिवा लुकलुकतोय. माझा श्वास ऐकू येत होता. आणि थांबून थांबून, दुसरा...

दिवा विझला. चित्र संपलं. टीव्हीवर मेनू आला.

कमलिनीताई माझ्याकडे वळल्या.

"हे तुमचं घर?"

"हो."

"तुम्ही बंद केलीत तेव्हा ते तुमच्याकडे होते. म्हणजे आता तिथेच राहिले."

मी माझी पिशवी उचलली.

"मला विचारायचं होतंत, गुंडुराव," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मला तिथे उभं राहवेना. त्यांनी प्लेअरचं बटण बंद केलं. मी चपला घातल्या आणि निघालो.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. रागात नव्हत्या. घर भाड्याने घेतल्यासारखं वाटतंय म्हणाल्या, कालच सामान आणून टाकल्यासारखं. समोरची खुर्ची रोज रिकामी ठेवतात, पण आता ती नुसती खुर्ची आहे. मग विचारलं, गुरुवारी दुपारी तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल का. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

तेव्हापासून येतात. बसने येतात, डब्यातून चिवडा आणतात. मी कॉफी देतो आणि आत जाऊन काहीतरी काम काढतो. बाहेरच्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकू येतं, अन्विताचं, भाजीचं, पायऱ्या चढताना दुखणाऱ्या गुडघ्याचं. मधेच थांबतात, ऐकल्यासारख्या. मग पुन्हा बोलतात. मला तर काहीच ऐकू येत नाही. काही दिसत नाही, कसला वास नाही. या घरात मी आधी जितका एकटा होतो, तितकाच आहे. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या गुरुवारी जाताना त्या दारात थांबल्या. बोलू की नको, असं त्यांचं चाललं होतं.

"रविवारी पहाटे तुम्ही झोपेत रडत होतात म्हणे," शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला जागं करावं की नको, त्यांना कळेना. म्हणून... तसेच बसून राहिले."

मी हसून काहीतरी बोललो. बस येईपर्यंत स्टॉपवर उभा राहिलो त्यांच्यासोबत, मग घरी आलो.

झोपेत रडतो, हे मला ठाऊक नाही. सांगणारं घरात कोणी नाही. पण रविवारी सकाळी अंथरूण काढताना माझी उशी ओली लागली होती. खालच्या बाजूने ओली. वरची बाजू, जिच्यावर माझं डोकं होतं, ती अगदी कोरडी होती, रात्री कोणी उशी हळूच उलटवून ठेवल्यासारखी.