उजव्या हाताची जागा

"इथं कोणी बसलंय का?"

निहारने मान वर केली. पायरीखाली एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांवर उन्हासाठी धरलेला तळहात. ती त्याच्या उजवीकडे ठेवलेल्या निळ्या पिशवीकडे बाटलीनेच खूण करत होती.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... तिथं नाही. या बाजूला बसा."

आणि तो न सरकताच डावीकडे हात करून मोकळा झाला. तिथे जेमतेम एका माणसाला पुरेल एवढी सावली होती. मैदानाच्या कडेचा आंबा मोहोराने भरला होता आणि त्याची सावली बरोबर त्या पायरीपाशी संपत होती. ती बसली. अर्धी सावलीत, अर्धी उन्हात.

खाली मैदानात दर्याराज संघाची या स्पर्धेतली पहिलीच मॅच सुरू झाली होती. रत्नागिरीतली ही रविवारची कबड्डी. दुपार कलली की जांभ्याच्या पायऱ्या माणसांनी भरायच्या, खाडीवरून वारा यायचा आणि दर्याराजचे लोक ओरडून ओरडून घसे बसवून घ्यायचे.

"तो दहा नंबर कोण?" तिने विचारलं.

"मितेश. आमचा मेन चढाईवाला."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "त्याचा गुडघा गेलाय."

निहारला ते लागलं. "गुडघ्याला पट्टा बांधला म्हणजे गेला असं नाही."

"पट्ट्याचं नाही बोलत मी. तो वळताना बघा. उजव्या पायावर वळतच नाही. समोरच्या कोपऱ्यावरच्या खेळाडूला कळलं की झालं. तुमचे कोच झोपलेत का?"

"आमचे हरिश्चंद्र मास्तर वीस वर्षं संघ घडवतायत."

"म्हणूनच विचारलं. दमले असतील बिचारे."

मागच्या पायरीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. निहारने मागे वळून बघितलं, पण त्यालाही हसू आलं होतं आणि ते लपवायला त्याने शेंगदाण्याची पुडी सोडली. पुडी तिच्यापुढे धरली. तिने चार दाणे उचलले.

"मी ऋजुता. पोस्टात बदली होऊन आलेय. मूळची देवरुखची."

"निहार. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो."

"इंजिनाचा सांधा झिजला तर तुम्ही काय करता?"

"बदलतो."

"मग?" ती म्हणाली आणि डोळ्यांनीच मितेशकडे खूण केली.

त्या दिवशी दर्याराज जिंकला. मितेशने शेवटी दोन गुण आणले आणि निहारने तिच्याकडे असं बघितलं, जणू ते गुण त्यानेच आणले होते.

दर्याराजच्या पाठीराख्यांचे म्होरके होते आप्पा. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांनी मानायचा, मग तो बंदरावरचा खलाशी असो नाहीतर बँकेतला साहेब. जिंकलो तर पुढच्या मॅचला जो तो त्याच जागेवर बसणार. हरलो तर त्या जागेवर कोणी बसायचं नाही, जागा बदलायची. आप्पांचा संघापेक्षा या नियमावर जास्त विश्वास होता.

ऋजुताला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी ती पोस्टातल्या एका मैत्रिणीबरोबर आली आणि पार समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. निहारने तिला लांबून बघितलं. डावीकडची मोकळी सावली बघितली. आपल्याला काय त्याचं, असं स्वतःला सांगून तो मॅच बघू लागला.

दर्याराज मागे पडू लागला. मितेश पकडला गेला, मग पुन्हा पकडला गेला. आप्पा उभे राहिले. त्यांनी पायऱ्यांवरून नजर फिरवली, प्रत्येक माणूस जागेवर आहे का बघितलं आणि निहारपाशी येऊन ती नजर थांबली.

"निहार! तुझ्या डावीकडची बाय कुठं गेली?"

"मला काय माहीत आप्पा?"

"माहीत नाय? मग मघापासून समोर काय बघत होतास? मॅच तर मध्ये चाललीय!"

सगळी पायरी हसली. निहारचे कान तापले. आप्पा धोतर सावरत मैदानाला वळसा घालून समोर गेले आणि ऋजुतापुढे हात जोडून उभे राहिले.

"बाय, तुझ्या पाया पडतो. तुझी जागा तिकडं हाय. चल, नायतर संघ बुडाला."

"माझी जागा?" ऋजुता गोंधळली.

"गेल्या रविवारी तू तिथं होतीस. आपण जिंकलो. आता फायनल होईपर्यंत तुला सुट्टी नाय."

ती आली. साऱ्या मैदानादेखत, ओढणी सावरत, हसू दाबत ती येऊन त्याच्या डावीकडे बसली. योगायोग म्हणा, त्याच चढाईला संघातल्या कोवळ्या बाबल्याने तिघांना टिपलं. पायऱ्या नाचू लागल्या.

"बघितलंत?" आप्पा ओरडले.

"बघितलं," ऋजुता हळूच निहारला म्हणाली. "बाबल्याला आधीच पाठवायला हवा होता. त्यात माझा काय संबंध?"

"हे आप्पांना सांगू नका. हृदयविकार आहे त्यांना."

त्यानंतर रविवार त्यांचाच झाला. दर्याराज जिंकत राहिला आणि ती दोघं भांडत राहिली. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. अशी तिसरी चढाई आली की हरिश्चंद्र मास्तर मितेशलाच पाठवत. ऋजुता कपाळावर हात मारायची. ती कॉलेजात डावा कोपरा खेळलेली. पकड करणाऱ्याच्या डोळ्यांनी ती मॅच बघायची.

"सांगा ना, मितेशचा एवढा पुळका का तुम्हाला?" एकदा तिने विचारलं. "काही खाल्लंय का त्याच्याकडचं?"

वाऱ्याने मोहोराचा बारीक सडा त्यांच्या अंगावर पडला. तिने स्वतःच्या ओढणीवरचा झटकला, मग त्याच्या बाहीवरचाही झटकायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"सलोनीला आवडायचा तो," निहार म्हणाला. "माझी बायको. मितेश चढाईला निघाला की ती उभी राहायची. मागचे लोक ओरडायचे, बस गो खाली! पण ही कुठली बसतेय... तीन वर्षं झाली तिला जाऊन. ताप डोक्यात गेला."

ऋजुताने उजवीकडच्या पिशवीकडे बघितलं. आत शेंगदाण्याची दुसरी पुडी होती. न सोडलेली. दर रविवारी तो दोन पुड्या घ्यायचा आणि एक तशीच घरी न्यायचा, हे तिने आधीच पाहिलं होतं. कोणासाठी ते आज कळलं.

ती अरेरे म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही. खाली मितेश चढाईला निघाला होता. त्या दिवशी तिने कपाळावर हात मारला नाही, एवढंच.

निहारला ते बरं वाटलं. आणि घरी जाताना त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. सोमवारी इंजिन उघडताना तो रविवारची वाट बघत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. अशी वाट त्याने फार दिवसांत बघितली नव्हती. एक मन म्हणायचं, संघ जिंकतोय म्हणून ती बसतेय, आप्पांनी बसवलीय म्हणून बसतेय. दुसरं मन विचारायचं, आणि हरलो तर?

फायनलला उभं राहायला जागा नव्हती. शेवटची चढाई राहिली, दर्याराज एका गुणाने मागे होता. आणि ती तिसरी चढाई होती.

मास्तरांनी वेळ मागून घेतली. मितेश आणि बाबल्या, दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"बाबल्याला पाठवा," निहार पुटपुटला. "मितेशला बसवा आता. गुडघा नाही साथ देत त्याचा."

ऋजुताने चमकून त्याच्याकडे बघितलं. "काय? अहो, नाही! आता मितेशच हवा. पाय गेलाय त्याचा, डोळे नाही गेले. एवढ्या गर्दीत बाबल्या घाबरेल."

"तुम्हीच म्हणत होता ना..."

"म्हणत होते. तुम्हीसुद्धा काय काय म्हणत होता!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग दोघांनाही एकदम हसू फुटलं. एवढे दिवस भांडून त्यांनी नेमकी एकमेकांची बाजू घेतली होती.

मास्तरांनी मितेशच्या पाठीवर थाप मारली. मितेश निघाला. आणि ऋजुता उभी राहिली.

"बस गो खाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिला ऐकू आलं नाही. ती दोन्ही मुठी आवळून ओरडत होती, "वळ, मितेश! वळ!" निहारला मैदान दिसेना. डोळे पुसून पुन्हा बघितलं तेव्हा मितेशने कोपऱ्यावरच्या खेळाडूला हात लावून झेप घेतली होती. उजव्या पायावर वळला. पाय मुडपला. रेषा हातभर लांब राहिली आणि चौघं त्याच्या अंगावर पडले.

दर्याराज हरला.

मितेशला मास्तरांनी हाताला धरून उठवलं. पायऱ्यांवर कोणी शिव्या दिल्या नाहीत, उलट टाळ्या वाजल्या. मग माणसं मुकाट्याने उतरू लागली.

"चला," ऋजुता बाटली उचलत म्हणाली. "सुटले मी आप्पांच्या नियमातून."

"हो," निहार म्हणाला. आणखी काहीतरी बोलायचं होतं... पण ती दोन पायऱ्या उतरली होती.

पुढची स्पर्धा त्याच मैदानावर महिन्याभराने होती. मधले रविवार नुसतेच आले आणि गेले. एका दुपारी निहार पोस्टात जाऊन तिच्या खिडकीपुढे उभा राहिला.

"काय पाठवायचंय?" तिने वर न बघताच विचारलं. मग आवाज ओळखून वर बघितलं.

"पार्सल. इंजिनाचं गॅस्केट. मुरुडला भावाकडे."

"का, मुरुडला मिळत नाही?"

"मिळतं."

"त्यांनी मागवलंय?"

"नाही."

तिने पार्सल वजनकाट्यावर ठेवलं. ओठ दाबून धरले होते, पण गालात हसू दिसतच होतं.

"रविवारी मॅच आहे," निहार म्हणाला.

"माहीत आहे. पण आपण हरलोय ना. जागा बदलावी लागेल." ती पावती फाडत म्हणाली, आणि मग जरा हळू, "कुठं बसायचं ते कोणीतरी सांगायला हवं. मला आपणहून नाही बसता येणार."

मागच्या माणसाने घसा खाकरला. निहार पावती घेऊन बाहेर पडला.

त्या रविवारी तो लवकर आला. आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. तो नेहमीच्या पायरीवर नेहमीच्या ठिकाणी बसला आणि पिशवी उजवीकडे ठेवली.

"निहार," आप्पा वरून म्हणाले. "जागा बदल. हरलोय आपण."

निहारने मान वर केली. आप्पांनी त्याला असं कधीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत दर्याराज किती वेळा हरला होता! प्रत्येक वेळी सगळे इकडचे तिकडे झाले, पण त्याला आणि त्या पिशवीला कोणी हलवलं नव्हतं. नियम सगळ्यांना होता आणि आप्पांनी त्याला त्यातून वगळलं होतं. हे त्याला आज कळत होतं.

"ऐकलंस काय?" आप्पांचा आवाज मऊ होता. "बस झालं आता, बाबा."

तेवढ्यात ऋजुता आली. पायरीखाली उभी राहिली, अगदी पहिल्या दिवसासारखी, डोळ्यांवर तळहात धरून. डावीकडची सावली मोकळी होती. तिने तिकडे बघितलंही नाही. ती थांबून राहिली.

निहारने पिशवी उचलून मांडीवर घेतली. पिशवीखालचा दगड बाजूच्या दगडापेक्षा थोडा वेगळा दिसत होता, कमी घासलेला. त्याने त्यावरून हात फिरवून धूळ झाडली.

"इथं बसा," तो म्हणाला.

"ही जागा..."

"सलोनीची होती. मोकळी ठेवून ठेवून दमलो मी, ऋजुता."

ती वर आली आणि त्याच्या उजव्या हाताला बसली. अंग चोरून नाही, ऐसपैस. निहारने पिशवीतून दुसरी पुडी काढली आणि तिच्या हातात दिली. अख्खी.

"अरे, पण तू कुठं हललास?" आप्पा कुरकुरले. "तू तिथंच!"

"ती हलली ना आप्पा."

"तिचं ती हलली. तुझं काय?"

"आता दोघांचं मिळून एकच धरा," निहार म्हणाला.

ऋजुताने मान खाली घालून पुडीचा दोरा सोडायला घेतला, तो काही केल्या सुटेना.

"बघा रे," आप्पा मागच्यांना म्हणाले, "सत्यनारायणाला बसल्यासारखी बसलीत! उजवीकडं बायको हवीच. भटजी तेवढा आणायचा राहिला."

हशा पिकला. शिटी वाजली. खाली बाबल्या पहिल्या चढाईला निघाला आणि मितेश, गुडघ्याला पट्टा बांधून, मास्तरांच्या शेजारी बाकावर बसून त्याला काहीतरी ओरडून सांगत होता.

"आणि आज हरलो तर?" ऋजुताने विचारलं. "पुन्हा जागा बदलायची?"

निहारने तिच्या हातातली पुडी घेतली, दोरा सोडला आणि परत दिली.

"आप्पांना सांगू, आमचं बदलून झालं."