दम घेण्याची जागा

नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं, आणि त्यातल्या आतल्या खोलीत शिरायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. आत दोन संगणक होते. त्यांना धूळ चालायची नाही, उकाडा चालायचा नाही, कुणी डबा उघडलेला चालायचा नाही. शालू म्हणायची, आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात खंडोबाच्या देव्हाऱ्याचंही एवढं सोवळं नाही. ती तिथे प्रोग्रॅम लिहायची. साल त्र्याण्णव.

पाणी उपसणाऱ्या सहा पंपघरांचे मीटरचे आकडे रोज सकाळी फोनवर यायचे. कलावतीबाई रिसीव्हर खांद्याशी धरून ते संगणकात टाइप करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या भागाला किती पाणी सोडायचं ते त्यावरून ठरायचं. एक आकडा गळला की कुठल्या तरी वस्तीचे हंडे कोरडे. प्रोग्रॅमसोबत बाहेरून आलेली आकडे तपासायची जी तयार सोय होती, तिला लाख-कोटी कळत नव्हते. स्वल्पविराम कुठेही टाका, ती निमूट गिळायची. शालूला हे पटेना. स्वल्पविराम चुकला म्हणजे बहुधा आकडाही चुकला, हा तिचा हिशेब. म्हणून तिने स्वतःचा नियम लिहिला. उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन आकड्यांनंतर, पुढचे दोन-दोनांनंतर. मुळीच नसले तरी चालेल. हजाराच्या आत मात्र एकही नको. नियम मोडला की संगणक बीप करून आकडा परत करायचा.

पहिल्याच आठवड्यात बीप वाजायला लागले, आणि सगळे एकाच पंपघराचे. कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठावरच्या. तिथे मीटर वाचायचं काम तिच्याच वडिलांचं होतं.

पडद्यावर होतं, 48,26,13,50.

तिने कलावतीबाईंना विचारलं, की बाकीचे पाच जण नीट येतात, मग बाबांचाच आकडा असा का. कलावतीबाईंची उभी हयात टाइपरायटरवर गेलेली. त्यांना यात काही वावगं दिसेना.

"अगं, बाकीचे कोटी-लाख म्हणून सांगतात. धाकूभाऊ एकेक आकडा सांगतात. ते थांबले की मी स्वल्पविराम मारते. डिक्टेशन घ्यायची रीतच आहे ती."

"थांबतात म्हणजे?"

"दम घेतात."

 शालूने जुने आकडे काढले. पावसाळ्याआधी आठ आकड्यांत एकच स्वल्पविराम होता. मग दोन झाले. आता तीन. धाकूंना दमा होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आई गेल्यापासून ते पंपघराच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे आणि विचारलं की हवा दमट आहे म्हणून वेळ मारून न्यायचे. नोकरी सोडा म्हटलं तर नदी सोडून मना झोप येल काय, असं विचारायचे. आता मुलीला त्यांची तब्येत रोज पडद्यावर दिसायला लागली. पुढच्या सोमवारी तिथे उमटलं, 4,8,2,7,1,9,0,4. तिला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबलोक प्रोग्रॅम बघायला येणार होते. ऑफिसचे प्रमुख कर्णिकसाहेब, त्यांनी बीप ऐकला आणि कपाळाला हात लावला. आकडे बरोबर आहेत ना, मग त्या पंपघराचे स्वल्पविराम आत येण्याआधीच गाळून टाका, असं त्यांनी सांगितलं. शालूने वाद घातला. पण साहेबांपुढे शहाणपण किती चालणार? तिने एक ओळ लिहिली. स्वल्पविराम दिसला की फेकून द्यायचा.

बीप थांबला. साहेबलोक खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा घेऊन झाल्यावर कलावतीबाई रिसीव्हरकडे बघत राहिल्या. "आज धाकूभाऊ कुठे थांबलेच नाहीत गं. मला स्वल्पविराम मारायला जागाच मिळाली नाही."

शालूला आनंद झाला. औषध लागू पडलं असणार, असं तिला वाटलं. तिने लगेच फोन लावला. एरवी त्यांच्या शब्दाच्या आधी छातीतली घरघर ऐकू यायची. आज ती नव्हती.

"मी बरा हाय पोरी मना आता दम नाय लागत छातीवरचा दगड कुनी नेला कुनास ठावं तू उगाच जीव नको टांगू जेवलीस का भात का भाकरी"

एवढं सगळं एका पट्टीत. मध्ये कुठेही खंड नाही. शालूने फोन ठेवला.

ती तशीच अर्धी रजा टाकून निघाली. कल्याणला रिक्षा केली आणि दुपारी पंपघरावर पोचली. धाकू पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होते. चेहरा तजेलदार होता. त्यांनी आत जाऊन चहा केला, स्वतःचा बशीत ओतला. धाकूंची जन्माची सवय, बशीतल्या चहावर फुंकर मारल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. आई त्यांना हसायची, की नवरा चहा पितो की होडी हाकतो.

त्यांनी बशी उचलली. ओठांचा चंबू केला.

चहा हलला नाही.

त्यांनी परत फुंकलं. गाल आत-बाहेर झाले. बशीतली वाफ सरळ वर जात राहिली.

"थंड होत नाय बग," ते म्हणाले, आणि तसाच पिऊन टाकला.

शालू त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत बसली होती. बटणं हलत नव्हती. तिला रडू आलं, पण रडायला कारण काय सांगणार? बाप समोर बसून हसत होता.

ती परत नौपाड्यात आली तेव्हा ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता. तरी तिने ती ओळ काढून टाकली. मग सकाळचा आकडा उघडून त्यात आपल्या हाताने स्वल्पविराम घातले. नियमात बसतील तसे. 4,82,78,466. संगणकाने तो मुकाट घेतला.

सकाळी फोन आला तेव्हा तिने कलावतीबाईंच्या हातून रिसीव्हर ओढूनच घेतला.

घरघर होती.

चार. मग दम. आठ, दोन. दम. आठ, शून्य. दम. सात, एक, दोन.

शालूचे डोळे भरून आले. त्यांनी जेवलीस का विचारलं, आणि ते वाक्यही तसंच, मोजल्यासारखं तुटत आलं. तिने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. श्वास चालू होता ना, बास. त्या दिवसापासून ती रोज कलावतीबाईंच्या मागे उभी राहायची आणि तिन्ही स्वल्पविराम जागेवर पडले की मग पाणी प्यायची. पुढच्या रविवारी त्यांना कायमचं चेंदणीला आणायचं, असंही तिने ठरवून टाकलं.

गुरुवारी फोन वाजला. कलावतीबाईंनी एक आकडा टाइप केला आणि त्यांचं बोट स्वल्पविरामाच्या बटणावर थांबलं.

"इतकंच?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर 7 होता.

शालूने रिसीव्हर घेतला.

"पोरी रात्री नवा मीटर बसवला जुना काढून नेला पंप आत्ताच चालू केला आता शून्यापासनं मोजायचा आज सात झालाय"

तिने कीबोर्ड ओढला. सातच्या पुढे स्वल्पविराम दिला. बीप. सातच्या आधी दिला. बीप. कलावतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हजाराच्या आत एकही नको. तिचीच ओळ होती ती.

तिने नियम उघडला आणि सगळाच्या सगळा पुसला. आता सातच्या मागे-पुढे तिने स्वल्पविरामांची रांग लावली. संगणक काही बोलला नाही. त्या तयार सोयीसारखे सगळे निमूट गिळले.

"बाबा," ती म्हणाली, "चहा घेताय ना? जरा बशीत फुंका."

पलीकडे बशी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. ती कान देऊन उभी राहिली. फक्त पंप ऐकू येत होता.

"फुंका ना, बाबा."

"फुंकतोय की पोरी कवापासनं फुंकतोय"